आधी पिवळा, मग हिरवा: कोणता दिवा खरा?

प्रश्न: उपकेंद्रात हिरवा-पिवळा-लाल दिव्याचं, हाताने फुगा दाबायचं बीपी यंत्र आलंय. आठव्या महिन्यातल्या एका बाईला आधी पिवळा दिवा लागला, थोड्या वेळाने हिरवा. तिला त्रास काहीच नाही. काय धरायचं?
– आशा कार्यकर्ती, खानापूर तालुका

उत्तर: ताई, सध्या पिवळाच धरा. बीपी वाढलं तरी पुष्कळदा काहीच जाणवत नाही, म्हणून ‘त्रास नाही’ यावर जाऊ नका.

वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 झाला की पिवळा, 160 किंवा 110 झाला की लाल. दोन्हींपैकी एक ओलांडला तरी पुरे. यंत्रावर दिव्यासोबत बाणही दिसतो; वर असेल तर बीपी वाढलेलं. मात्र बाण खाली असेल तर गोष्ट उलटी: नाडी वेगात आणि बीपी कमी, म्हणजे रक्तस्राव किंवा जंतुसंसर्गाची शंका. नुसता रंग सांगून फोन ठेवू नका, बाणही सांगा.

दिवा बदलतो तो बहुधा मोजण्यातल्या फरकाने. चालत आलेल्या बाईला लघवीला जाऊन येऊ द्या, पाठ टेकवून पाच मिनिटं गप्प बसवा. पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत. हात दहा सेंटीमीटर खाली लोंबला तर आकडा सात-आठने चढतो. खरं 134 असेल तरी दिवा पिवळा! पट्टा उघड्या दंडावर, कोपरापासून दोन बोटं वर. दंडाचा घेर टेपने मोजा: 22 ते 32 सेंटीमीटरला मधला पट्टा, त्यापुढे मोठा. जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी खोटं वाढतं.

असं नीट बसवून पुन्हा मोजा. हिरवा आला तरी सगळे आकडे वेळेसह तायी कार्डावर (गरोदर मातेच्या नोंदींचं कार्ड) लिहा, सिस्टरना कळवा, लघवीतलं प्रोटीन त्याच दिवशी तपासून घ्या. लाल असेल, किंवा पिवळ्यासोबत जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली दुखणं असेल, तर लगेच 108. बीपी वाढून येणाऱ्या झटक्यांवरचं औषध, मॅग्नेशियम सल्फेट, पाठवण्यापूर्वी देता येईल का, ते डॉक्टर-सिस्टर ठरवतील.

अशाच यंत्राची 2016-17 मध्ये दहा ठिकाणी चाचणी झाली, त्यात आपलं बेळगाव जिल्ह्यातलं गोकाकही होतं. यंत्र आणि ते वापरण्याचं प्रशिक्षण दिल्याने झटके आणि मातामृत्यू घटल्याचं ठामपणे सिद्ध झालं नाही. आम्हाला त्याचं नवल वाटत नाही; पुढे गाडी, औषध आणि डॉक्टर लागतातच.

प्रश्न: सुनेसाठी मनगटावरचं यंत्र घेऊ का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर: नको. दंडावरचंच घ्या, तेही गरोदरपणात आणि प्रीएक्लाम्प्शियात (गरोदरपणात बीपी वाढून शरीराला इजा करणारा आजार) तपासून प्रमाणित केलेलं. साधी यंत्रं या आजारात बीपी कमी दाखवू शकतात. आणि बाळंतपणानंतर लगेच कपाटात टाकू नका, सहा आठवडे मोजत राहा.