फक्त आपल्या रांगेपुरतं मागू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. काँग्रेसमनच्या (इथल्या अमेरिकी खासदाराच्या) ऑफिसात ग्रीन कार्डाच्या रांगेबद्दल काय बोलायचं, याचा तुझा मसुदा वाचला. राग खरा आहे आणि तो लपवू नकोस. पण एक वाक्य खोडून टाक: ‘आम्ही नियमाने आलो, आधी आमचं करा, चोरून आलेल्यांचं नंतर बघू.’ हे वाक्य आपल्या मंडळात टाळ्या घेतं. वॉशिंग्टनमध्ये मात्र त्याने आजवर काही हाती लागलेलं नाही.

तुझी अडचण मला ठाऊक आहे. बालवाडीच्या वयात आईवडिलांबरोबर आलीस, शाळा-कॉलेज इथेच झालं, आणि 21 पूर्ण झाली की एच-4 (वर्क व्हिसावरच्या माणसाच्या बायकामुलांचा व्हिसा) संपणार. बाबांची प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख) त्याआधी करंट होणार नाही, म्हणजे त्यांचा नंबर लागणार नाही, हे सरकारचं व्हिसा बुलेटिन दर महिन्याला सांगतंच आहे. याचं मूळ 1990 च्या इमिग्रेशन कायद्यात आहे. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1,40,000 ठरली. त्यातच बायकामुलं मोजायची, आणि कुठल्याही एका देशाला साधारण 7 टक्क्यांहून जास्त द्यायची नाहीत. म्हणजे भारताला जी मर्यादा, तीच आइसलँडला. तेव्हा सिलिकॉन व्हॅलीत पुण्या-हैदराबादची एवढी पोरं येतील, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आकडा मात्र तिथेच राहिला.

मग तू म्हणशील, तेवढे 7 टक्के काढून टाका, झालं. हे करून पाहिलंय. जुलै 2019 मध्ये हाउसने, म्हणजे अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) खालच्या सभागृहाने, तसं बिल 365 विरुद्ध 65 मतांनी पास केलं. डिसेंबर 2020 मध्ये सिनेटनेही आपली वेगळी आवृत्ती एकमताने पास केली. दोन्हींचा मेळ बसला नाही, काँग्रेसची मुदत संपली आणि बिल मेलं. त्या काळात उठलेला आक्षेप खोटा नव्हता: एकूण कार्डं तेवढीच ठेवून फक्त मर्यादा उठवली, तर पुढची कित्येक वर्षं बहुतेक कार्डं आपल्याकडे येतील आणि फिलिपिन्सची नर्स मागे ढकलली जाईल. आपण कार्डं वाढवा म्हणालो नाही, वाटणी बदला म्हणालो. त्या नर्सने आपल्याला साथ का द्यावी?

म्हणून मी इमिग्रेशन कायद्याच्या सबंध सुधारणेच्या बाजूने आहे. हा भाबडेपणा नव्हे. या कायद्याचे भाग एकमेकांत अडकलेले आहेत. 1986 मध्ये रेगन यांच्या सहीने सुमारे 27 लाख लोकांना कागदपत्रं मिळाली, आणि बेकायदा कामावर ठेवणाऱ्या मालकाला शिक्षा ठरली. पण कागद वरवर खरा दिसला की मालक सुटला, आणि शेतात, बांधकामावर, हॉटेलात पुढे लागणाऱ्या माणसांसाठी पुरेसं कायदेशीर दार उघडलंच नाही. काम होतं, दार नव्हतं, माणसं आलीच. आज कागदपत्रांविना राहणारे एक कोटीहून जास्त आहेत, त्यात भारतीयही लाखांत आहेत. 5 फेब्रुवारी 2025 ला अमृतसरला जे लष्करी विमान उतरलं, त्यात महाराष्ट्रातले तिघे होते. ‘ते’ आणि ‘आपण’ अशी रेघ मारताना एवढं आठव.

कुणी ‘अ‍ॅम्नेस्टी’ (सरसकट माफी) म्हणून उडवून लावलं, तर रजिस्ट्रीबद्दल विचार. ठरावीक तारखेआधीपासून इथे राहणाऱ्या, वर्तन चांगलं असलेल्या माणसाला ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो, ही तरतूद 1929 पासून आहे. काँग्रेस ती तारीख अधूनमधून पुढे सरकवत असे. शेवटची सरकवली 1986 मध्ये, आणि तेव्हापासून ती 1 जानेवारी 1972 वर अडकली आहे.

डाका (DACA) हा लहानपणी इथे आणलेल्या, कागदपत्रं नसलेल्या मुलांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण देणारा कार्यक्रम; त्याच्यावरचा तुझा राग मला समजतो. 15 जून 2012 रोजी तुमच्याकडे कायदेशीर दर्जा नसावा, अशी त्याची अटच होती; नियमाने राहिलेली मुलं बाहेर. पण तो दोष त्या मुलांचा नाही. तुमची दोघांची बाजू एकाच बैठकीत मांडता आली, तर समोरचा नीट ऐकेल. शक्य असेल तर डाकावर असलेली एखादी मैत्रीण बरोबर ने.

‘मोठं बिल कधी पास होत नाही’ हे तुला ऐकवतील, आणि त्यात तथ्य आहे. 2007 मध्ये ते सिनेटमध्येच अडकलं. 2013 मध्ये सिनेटने 68 विरुद्ध 32 मतांनी पास केलं, पण हाउसमध्ये ते मतदानाला आणलंच गेलं नाही. तरी ते बिल वाचून जा. त्यात कागदपत्रं नसलेल्यांना नागरिकत्वासाठी 13 वर्षांचा रस्ता होता, सीमेवर दुप्पट माणसं, सगळ्या मालकांना ई-व्हेरिफायची (कामगाराला कामाचा हक्क आहे का, हे ऑनलाइन तपासण्याची) सक्ती, शेतमजुरांसाठी नवा व्हिसा, आणि नोकरीच्या ग्रीन कार्डांवरची देशवार मर्यादा रद्द. बायकामुलं मोजणीतून वगळली होती. तुझ्या घरचा प्रश्न त्या एका कलमात बराचसा सुटला असता. छोट्या बिलांनी आजवर तेवढंही दिलेलं नाही.

भेट बहुधा एखाद्या तरुण स्टाफरशी होईल, पंधरा-वीस मिनिटं. आपल्या लोकांच्या पगाराचे आणि पेटंटचे आकडे सांगत बसू नकोस. ते त्याने शंभरदा ऐकलेत. त्यांच्या मतदारसंघातली शेतं, हॉस्पिटलं कोण चालवतं, ते शोधून जा. तुझा वाढदिवस कधी आहे तेही सांग.

आणि तो विचारेल, ‘तुम्ही काय सोडायला तयार आहात?’ याचं उत्तर घरून ठरवून जा. 2013 च्या बिलात नागरिकांना भावंडं बोलवता येण्याची सोय बंद होणार होती. माझ्या बहिणीचा अर्ज त्याच रांगेत आहे. मला विचारशील तर, बाकीचं सगळं मिळणार असेल तर मी ती सोय सोडेन. मंडळातल्या अर्ध्या लोकांना हे पटणार नाही, बहिणीला तर नाहीच. तुझं उत्तर वेगळं असलं तरी चालेल, पण तिथे बसल्यावर आईकडे बघू नकोस.

मसुदा दुरुस्त करून पुन्हा पाठव. तारीख ठरली की कळव.

तुझी,
मावशी