आजीचं बायबल दुरुस्त करण्याआधी

मिरजेच्या घरातलं बायबल दुरुस्तीला काढलंस, फार बरं वाटलं. आधी चिकटपट्टी आणि पांढरा गोंद बाजूला ठेव. पट्टीचा चिकटा कागदात मुरून पिवळा पडतो, आणि तो गोंद वाळला की पान फाडल्याशिवाय सुटत नाही.

खळ गव्हाच्या चिकाची कर. कुरडयांसाठी काढतो तोच चीक, वरचं पाणी ओतून दिलेला. एका वाटीला चार-पाच वाट्या पाणी, मंद आचेवर अर्धा तास ढवळत राहा. बाइंडर त्यात मोरचूद घालतात, तू घालू नकोस. मोरचुदातलं तांबं कागद खातं. थोडी थोडी ताजीच कर. फाटलेल्या जागी लावायच्या जपानी टिश्यूला, म्हणजे लांब तंतूंच्या पातळ कागदाला, कात्री लावू नकोस. ओल्या ब्रशने रेघ ओढून फाड, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात आणि जोड उठून दिसत नाही.

जन्म, बाप्तिस्मा, लग्नाच्या नोंदींच्या पानाला मात्र जपून हात लाव. पहिल्यांदा फोटो काढ. मग एका अक्षराच्या टोकाला किंचित ओला कापूस टेकव. शाई कापसाला लागली, तर त्या पानाला पाणी नको, खळही नको. पणजीचं अक्षर पुन्हा मिळायचं नाही.

आणि पावसाळ्यात सुरुवात करू नकोस, बुरशी धरते.