दोन ‘दऱ्या’ दिसायला सारख्या, पायथनला मात्र वेगळ्या: कारण आणि उपाय

तुमच्या प्रश्नात चार तक्रारी आहेत. उत्तर लांबणार आहे, म्हणून आधी त्या थोडक्यात मांडतो. वेगवेगळ्या फाइलींतून गोळा केलेल्या मजकुरातले शब्द मोजताना ‘दऱ्या’ हा शब्द यादीत तीन वेगळ्या ओळींवर येतो. ‘स्ट्रिप’ लावूनही फरक पडत नाही. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातले नमुने शोधायच्या सांकेतिक भाषेत) ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ वापरून शब्द वेगळे करायला गेलात, तर ‘डोंगर’चे ‘ड’ आणि ‘गर’ असे तुकडे होतात. आणि सीएसव्हीतला (स्वल्पविरामांनी स्तंभ पाडलेल्या फाइलीतला) पहिला स्तंभ डोळ्यांना दिसतो, पण त्याच्या नावाने मागितला की ‘कीएरर’, म्हणजे ‘असं नाव सापडलं नाही’ ही एरर, येतो. हा पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा बग आहे का, असं तुम्ही विचारलं आहे.

बग नाही. पण तुमच्या कोडच्या तर्कातही चूक नाही, आणि हे मुद्दाम सांगतो, कारण अशा वेळी माणूस आपलंच लूप पुन्हा पुन्हा तपासत बसतो. गडबड डेटात आहे आणि ती स्क्रीनवर दिसू शकत नाही. पायथन ३ मधली स्ट्रिंग ही युनिकोड क्रमांकांची रांग असते (युनिकोड म्हणजे लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारं मानक). फॉण्ट त्या रांगेचं चित्र काढतो. वेगवेगळ्या रांगांचं चित्र हुबेहूब सारखं निघू शकतं, पण ‘बरोबर-बरोबर’ (==) या खुणेने केलेली तुलना रांगेची होते, चित्राची नाही.

म्हणून सगळ्यात आधी एक काम करा. ज्या तीन ‘दऱ्या’ वेगळ्या पडल्या, त्या प्रत्येकीला ‘आस्की’ हे अंगभूत फंक्शन लावून छापा. ‘प्रिंट’ने नुसता शब्द छापून काही कळणार नाही. ‘रेप्र’ने अर्धंच कळेल: अदृश्य चिन्ह असेल तर ते त्यात उघडं पडतं, पण नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) वेगळा पडलेला असेल तर पडत नाही. ‘आस्की’ मात्र प्रत्येक चिन्हाचा क्रमांक दाखवतं. क्रमांकांवरून अर्थ लागत नसेल तर ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलमधलं ‘नेम’ फंक्शन एकेका चिन्हावर चालवा, ते पूर्ण नाव देतं.

माझ्या अंदाजाने तुम्हाला पुढच्या तीन रांगा दिसतील.

पहिली: द, ऱ, हलन्त, य, काना. इथे ऱ हे एकच चिन्ह आहे, क्रमांक ०९३१ (हे क्रमांक सोळा-आधारी पद्धतीत असतात, म्हणून पुढे त्यांत ‘सी’, ‘डी’ अशी अक्षरंही दिसतील). ‘लेन’ने लांबी ५ येईल.

दुसरी: द, र, नुक्ता, हलन्त, य, काना. इथे ऱ फोडून साधा र (०९३०) आणि नुक्ता (०९३सी) असे दोन भाग झाले आहेत. लांबी ६. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस फाइल सिस्टिममध्ये फाइलींची नावं अशाच फोडलेल्या रूपात साठवली जात, त्यामुळे शब्द फाइलनावांतून आले असतील तर हे रूप सापडणं स्वाभाविक आहे.

तिसरी: द, र, हलन्त, झीरो विड्थ जॉइनर, य, काना. लांबी पुन्हा ६. हा जॉइनर (२००डी) अदृश्य असतो. साध्या र आणि हलन्तानंतर तो आला की रफार न होता अर्धा र, म्हणजे ज्याला आपण चंद्रकोरी र म्हणतो, तो उमटतो. युनिकोडच्या २.० आवृत्तीशी सुसंगतता राहावी म्हणून ही पद्धत मानकात ठेवलेली आहे, त्यामुळे ती चुकीची म्हणता येत नाही.

दुसरी आणि तिसरी यांची लांबी सारखी आहे तरी त्या वेगळ्या आहेत, हे लक्षात घ्या. नुसती लांबी तपासून निष्कर्ष काढू नका.

‘स्ट्रिप’ का चाललं नाही, तेही आता उघड आहे. ते फक्त दोन टोकांची रिकामी जागा काढतं आणि जॉइनर शब्दाच्या मध्ये असतो. तो टोकाला असता तरी गेला नसता, कारण युनिकोडच्या व्याख्येत तो रिकामी जागा नाही. वेबपानांवरून मजकूर उचलताना येणारी न तुटणारी स्पेस ‘स्ट्रिप’ने जाते, झीरो विड्थ स्पेस मात्र जात नाही.

तुम्हाला आधी मिळालेल्या एका उत्तरात “सगळी अदृश्य चिन्हं काढून टाका, प्रश्न मिटेल” असा सल्ला आहे. कृपा करून तसं करू नका. तिसऱ्या रांगेतला जॉइनर नुसता काढलात तर उरतं काय? द, र, हलन्त, य, काना. म्हणजे ‘दर्या’. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होईल आणि कुठलीही एरर येणार नाही. ‘आचाऱ्यांचा’ स्वयंपाक असाच ‘आचार्यांचा’ होऊन बसेल. पुढे मोजणीतले आकडे नीटनेटके दिसतील आणि चुकीचे असतील. मराठीत या जॉइनरवर अर्थ अवलंबून असतो, म्हणून तो काढण्याआधी त्याचं काम दुसऱ्या चिन्हाकडे सोपवावं लागतं.

त्यासाठी एक छोटं फंक्शन लिहा आणि त्यात पायऱ्यांचा क्रम बदलू नका. आधी ‘युनिकोडडेटा’तलं ‘नॉर्मलाइझ’ ‘एनएफसी’ रूपासाठी (युनिकोडने ठरवलेल्या, सुटे भाग जोडलेल्या रूपासाठी) चालवा. त्याने र आणि नुक्ता जोडून ऱ होतो, म्हणजे दुसरी रांग पहिलीसारखी होते. तिसऱ्या रांगेला एनएफसी हात लावत नाही. एनएफकेसी हे त्याहून जास्त बदल करणारं रूप वापरलं तरी जॉइनर तसाच राहतो, त्यामुळे त्या वाटेला जाऊन उपयोग नाही. मग ‘रिप्लेस’ने र, हलन्त आणि जॉइनर या त्रिकुटाच्या जागी ऱ आणि हलन्त घाला. हे ‘य’पुरतं मर्यादित ठेवू नका, ‘तऱ्हा’ आणि ‘गुऱ्हाळ’मध्ये पुढे ‘ह’ येतो. एवढं झाल्यावरच उरलेले जॉइनर आणि त्याचं भावंड नॉन-जॉइनर (२००सी) काढा.

त्यानंतर आणखी एक पायरी लागते, ती तुमच्या प्रश्नात नाही, पण इंग्रजीतून आलेले शब्द मोजायला घेतलेत की लगेच गाठ पडेल. ‘ॲप’मधला ॲ हा स्वतंत्र क्रमांक (०९७२) युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आला. त्याआधीच्या मजकुरात, आणि नंतरच्याही पुष्कळ मजकुरात, लोकांनी अ आणि अर्धचंद्र अशी दोन चिन्हं वापरली आहेत. काहींनी मध्ये जॉइनरही घातला आहे, कारण त्याशिवाय काही फॉण्टांत ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. काही ठिकाणी हिंदीतला ऍ सापडतो. यातलं काहीही एनएफसीने एक होत नाही. तेव्हा जॉइनर निघून गेल्यावर अ आणि अर्धचंद्र या जोडीच्या जागी ॲ घाला, आणि तुमचा मजकूर निव्वळ मराठी असेल तर ऍच्या जागीही. ही बदली जॉइनर काढण्याच्या आधी केलीत तर मधला जॉइनर आडवा येईल आणि जोडी सापडणार नाही. क्रम पाळा म्हणालो ते एवढ्यासाठी.

काहींनी मुळातच ‘दऱ्या’ लिहायच्या जागी रफार देऊन ‘दर्या’ टंकलेलं असतं. ते या फंक्शनने ओळखता येणार नाही, कारण दोन्ही शब्द भाषेत आहेत. ते शुद्धलेखन तपासणीचं काम, त्यासाठी शब्दकोश आणि संदर्भ लागतो. ते इथे घुसडू नका.

हे फंक्शन कुठे बोलवायचं, याबद्दल माझं मत ठाम आहे: मजकूर प्रोग्रामात शिरतो त्या एकाच जागी. तुलनेच्या प्रत्येक ओळीत ते बोलवत बसलात तर एखादी ओळ हमखास सुटते. पायथनच्या डिक्शनरीच्या कीजसुद्धा (ज्या नावांनी त्यात नोंदी ठेवता तीसुद्धा) त्याच फंक्शनमधून गेल्या पाहिजेत. अर्धा डेटा जुना आणि अर्धा नवा असला तर गोंधळ आधीपेक्षा वाढतो. मूळ मजकूर मात्र फेकू नका. त्याच्यासाठी वेगळा स्तंभ ठेवा, शोधायला आणि मोजायला शुद्ध केलेलं रूप वापरा, दाखवायला मूळ. माणसांची नावं असतील तर हे फारच महत्त्वाचं: कुणी आपलं नाव जसं लिहिलं तसंच त्याला परत दिसलं पाहिजे.

आता ‘डोंगर’. पायथनच्या ‘री’ मॉड्यूलमध्ये ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ म्हणजे अक्षर, अंक किंवा अंडरस्कोर. युनिकोडच्या वर्गीकरणात काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आणि हलन्त ही ‘अक्षरं’ नाहीत, ‘खुणा’ आहेत, म्हणून प्रत्येक मात्रेपाशी शब्द तुटतो. ‘इझअल्फा’ही याच कारणाने ‘मराठी’ या शब्दाला ‘फॉल्स’ म्हणतं. हे वागणं दस्तऐवजांप्रमाणेच आहे, पण आपल्या लिपीसाठी निरुपयोगी आहे, आणि मला ते मनापासून खटकतं. सोपा मार्ग असा, की चौकटी कंसात ०९०० ते ०९७एफ हा देवनागरीचा पट्टा स्वतः द्या. त्यात दंड आणि दुहेरी दंड (०९६४, ०९६५) येतात, ते वगळा. अंक नको असतील तर ०९६६ ते ०९६एफ वगळा. शुद्धीकरण आधी झालेलं असल्याने जॉइनरची चिंता उरत नाही. दुसरा मार्ग म्हणजे ‘रेजेक्स’ हे वेगळं पॅकेज. त्याचं ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ खुणांनाही शब्दात धरतं.

अंकांच्या बाबतीत काळजी नको: ‘इंट’ला ‘१२३’ दिलेत तर ते बिनतक्रार संख्या देतं.

स्तंभाचा ‘कीएरर’ लगेच सुटेल. फाइलीच्या अगदी सुरुवातीला बाइट ऑर्डर मार्क (एफईएफएफ) हे अदृश्य चिन्ह आहे. एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून सेव्ह केलं की तो येतो आणि पहिल्या शीर्षकाला चिकटतो. फाइल उघडताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या. मार्क नसलेल्या फाइलींनाही ते चालतं, त्यामुळे सगळीकडे तेच ठेवा. एन्कोडिंग न देता फाइल उघडू नका. विंडोजवर नाहीतर सिस्टिमचं जुनं कोडपेज (युनिकोडआधीचा चिन्हांचा तक्ता) वापरलं जाऊ शकतं.

शेवटी तुम्ही जाता जाता विचारलं होतं, की ‘मराठी’ची लांबी ३ हवी तर ५ का येते. ‘लेन’ चिन्हं मोजतं: म, र, काना, ठ, वेलांटी. वाचकाला दिसणारी अक्षरं हवी असतील तर ‘रेजेक्स’मधलं ‘बॅकस्लॅश एक्स’ वापरून तुकडे मोजा. जोडाक्षरांपाशी मात्र सावध राहा. युनिकोड १५.१ मध्ये, म्हणजे २०२३ साली, जोडाक्षर न तोडण्याचा नियम आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारी लायब्ररी ‘क्षत्रिय’ची अक्षरं ३ ऐवजी ५ मोजते. तुमची आवृत्ती कोणती बाजू घेते ते याच शब्दावर तपासा.

फंक्शन लिहून झालं की दोन चाचण्या ठेवा. ‘दऱ्या’ची तिन्ही रूपं क्रमांकांनी लिहून द्या, ती एक झाली पाहिजेत. सोबत ‘दर्या’ द्या, तो त्यांच्यापासून वेगळाच राहिला पाहिजे. तरीही एखादा शब्द दोनदा दिसला तर तो शब्द नुसता चिकटवू नका, त्याचं ‘आस्की’चं आउटपुट इथे द्या. टंकताना किंवा चिकटवताना रूप बदललं तर मला मूळ गडबड दिसणारच नाही.