ढेकर मोजायचं शिक्षण

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. तिला पशुवैद्यकीला जाऊन गुरांच्या पोटातून निघणाऱ्या, हवा तापवणाऱ्या मिथेन वायूवर काम करायचं आहे. वाडीतले लोक विचारतात, ढेकर मोजायला एवढं शिकायचं? आमच्याकडे दोन गावठी गाई आहेत, दोघी मिळून चार लिटर दूध देतात. तुम्ही याच कामात नोकरी केलीत. खरं सांगा, यात आयुष्य घालवण्यासारखं काही आहे का?
— एक आई, राजापूर तालुका

उत्तर : ताई, आहे. तीस वर्षं मी हेच केलं आणि पुन्हा वेळ आली तर हेच करीन. पण हे काम हाताला कसं लागतं ते तुमच्या लेकीला आधी कळू दे, म्हणून थोडं विस्ताराने लिहिते.

आमच्या संस्थेच्या गोठ्यात चांदी नावाची गाय होती. तिच्या डाव्या कुशीला शस्त्रक्रिया करून कायमचं भोक ठेवलेलं, त्याला रबरी बूच. सकाळी सहाला, वैरण घालायच्या आधी, बूच काढून कोपरापर्यंत हात आत घालायचा. आत ३९ अंशांची ऊब असते. वर अर्धवट कुजलेल्या काडांचा जाड थर तरंगतो, खाली हिरवट पाणी. आंबलेल्या पेजेत ओलं गवत चुरडावं तसा वास. मूठभर ऐवज फडक्यातून पिळून थर्मासमध्ये भरायचा आणि निवायच्या आत प्रयोगशाळा गाठायची, कारण आतल्या सूक्ष्मजीवांना गारठा सोसत नाही आणि हवाही सोसत नाही. मग काचेच्या मोठ्या सिरिंजांमध्ये ते पाणी आणि चिमूटभर चाऱ्याची पूड. जसजसा वायू धरतो तसतसा सिरिंजचा दांडा रात्रभर आपसूक वर सरकत राहतो. कोणत्या चाऱ्याला दांडा किती सरकला आणि त्या वायूत मिथेन किती, हे लिहिण्यात माझी पहिली चार वर्षं गेली. तो दांडा पहिल्यांदा हलताना पाहिला तेव्हा अंगावर काटा आला होता.

चारा पोटात आंबतो तेव्हा हायड्रोजन सुटतो. काही सूक्ष्मजीव तो कार्बन डायऑक्साइडशी जोडून मिथेन बनवतात आणि गाय हा मिथेन ढेकरांतून बाहेर टाकते. मागच्या बाजूने जातो हा गैरसमज आहे, नव्वद टक्क्यांहून जास्त तोंडानाकावाटेच जातो. मोठ्या जातीची गाय दिवसाला २५० ते ५०० लिटर मिथेन सोडते. हा वायू हवेत साधारण १२ वर्षं टिकतो, पण शंभर वर्षांचा हिशोब धरला तरी वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या २७-२८ पट तापवतो. २०१९ च्या पशुगणनेत देशात १९ कोटींवर गोवंश आणि जवळपास ११ कोटी म्हशी होत्या. वाडीतल्यांना हे आकडे सांगा. आणि हेही सांगा, की खाल्लेल्या चाऱ्यातल्या ऊर्जेचा २ ते १२ टक्के भाग या वायूबरोबर उडून जातो. ज्याने उन्हातान्हात भात कापून, झोडून, पेंढ्याची उडवी रचली, त्याच्या कष्टातलाच तो हिस्सा आहे.

सिरिंजमधून मी गोठ्यात आले तेव्हा खरी परीक्षा सुरू झाली. जिवंत गुराचा मिथेन मोजायची एक रीत अशी : सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू ठरलेल्या गतीने झिरपू देणारी बोटाएवढी नळी गुराच्या पोटात सोडायची, म्होरकीला बारीक नळी बांधून नाकपुडीजवळची हवा गळ्यातल्या निर्वात डब्यात २४ तास ओढून घ्यायची. डब्यात तो वायू किती आणि मिथेन किती, या प्रमाणावरून हिशोब निघतो. एका उन्हाळ्यात कुडाळजवळच्या एका गावात आठ म्हशींच्या गळ्यात मी असे डबे बांधले. दुपारी पोरांनी म्हशी कोंडीवर सोडल्या, त्या पाण्यात बसल्या आणि सगळ्या नळ्या चिखलाने भरल्या. सहा दिवसांची मेहनत वाया गेली. मी बांधावर बसून रडले. ज्यांच्या म्हशी होत्या त्या आजी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि त्यांनी विचारलं, "बाई, ढेकर कमी झालो तर दूध वाढतला काय?"

मला "हो" म्हणता आलं नाही. बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रिया संस्थेचं 'हरित धारा' हे वनस्पतिजन्य पूरक खाद्य मिथेन १७ ते २० टक्के घटवतं. परदेशात ३-एनओपी नावाचं रासायनिक पूरक खाद्य साधारण ३० टक्के घटवतं, युरोपात त्याला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. चिंचोक्याच्या टरफलातल्या टॅनिन या तुरट द्रव्यावर आपल्याकडे चांगलं काम झालं आहे. या सगळ्याची मला किंमत आहे. पण वाचलेली ऊर्जा सरळ कासेत उतरतेच असं नाही, आणि चार लिटरवाल्याने नुसत्या हवेसाठी खिशातले पैसे का घालावेत, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

त्या आजींच्या प्रश्नाने माझ्या कामाची दिशा फिरली. मी दिवसाच्या मिथेनऐवजी दुधाच्या लिटरमागचा मिथेन मोजायला लागले. गाय एक लिटर देवो वा चार, जिवंत राहण्यापुरता चारा तिला लागतोच आणि तेवढा मिथेन ठरलेला. पोषण सुधारून दूध वाढलं, तर दिवसाचा मिथेन थोडा वाढेलही, पण लिटरमागे घटतो. इथे शेतकऱ्याचा आणि हवेचा फायदा एकच होतो. कोकणात याचा अर्थ अगदी साधा आहे. नुसत्या सुक्या पेंढ्यावर गुरं जगवणं थांबवायचं. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून सारखा शिंपडायचा, दाबून, झाकून २१ दिवस ठेवायचं, मग उघडून वाऱ्यावर वास जाऊ द्यायचा आणि थोड्या थोड्या मापाने सवय लावायची. वासरांना तो घालू नका, आणि युरियाचं पाणी गुरांच्या तोंडी कधीही जाऊ देऊ नका, जीव जातो. आंबोणात घाण्यावरची खोबऱ्याची पेंड मूठभर घाला. त्यातलं उरलेलं तेल मिथेनवाल्या सूक्ष्मजीवांना आवरतं, पण जास्त तेल झालं तर चारा पचायचाच थांबतो, म्हणून हात आखडता ठेवा.

तुमच्या गाई विकू नका. अंगाने लहान, कमी खाणारी, डोंगर चढणारी आपली गाय 'कोकण कपिला' म्हणून २०१८ पासून नोंदणीकृत जात आहे. तिचा मिथेन कुणी नीट मोजायचा? तुमच्या लेकीने मोजावा असं मला मनापासून वाटतं.

तिला 'नीट' ही प्रवेश परीक्षा द्यायला सांगा. पशुवैद्यकीची पदवी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची. परळचं किंवा शिरवळचं महाविद्यालय तुम्हाला त्यातल्या त्यात जवळ. पुढे एम.व्ही.एस्सी. या पदव्युत्तर पदवीला पशुपोषण हा विषय घ्यायचा. ज्या मुलांना शेणामुताचं वावडं नसतं आणि आकडा चुकला की झोप लागत नाही, ती यात टिकतात. मे महिन्यात तिला माझ्याकडे पाठवा, आठ दिवस गोठ्यात राहू दे.

प्रश्न : समुद्रातलं शेवाळ घातल्यावर गुरांचा मिथेन ८० टक्के कमी होतो असं ऐकलं. आमच्या किनाऱ्याला ढिगाने वाहून येतं. घालू का?
— एक मच्छीमार, मालवण तालुका

उत्तर : दादा, नको. तुम्ही ऐकलंत ते खरं आहे, पण ते अ‍ॅस्पॅरागॉप्सिस या एकाच लाल शेवाळाबद्दल. कॅनडातल्या एका शेतकऱ्याच्या किनाऱ्यावरचं शेवाळ खाणाऱ्या गाई पाहून हा शोध सुरू झाला, पुढे ऑस्ट्रेलियात लाल शेवाळाचा गुण सापडला. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या प्रयोगात गोऱ्ह्यांचा मिथेन ८० टक्क्यांहून जास्त घटला, पण त्यांचं खाणंही घटलं. त्यातलं ब्रोमोफॉर्म हे द्रव्य काम करतं आणि ते उन्हात पडलं की उडून जातं. तुमच्याकडे येतं ते बहुतेक तपकिरी सरगॅसम, त्यात तो गुण नाही, वर मीठ आणि वाळू. पाऊस पडून मीठ उतरलं की ते माडाच्या आळ्यात घाला.