पोटात खिमा असलेले फिश बॉल

प्रश्न: मुलाकडे सिंगापूरला गेले होते, तेव्हा तिथे ‘फूचौ फिश बॉल’ खाल्ले. बाहेर पांढराशुभ्र मासा, आत पोर्कचा खिमा. घरी सुरमई, खिमा, अंडं, ब्रेडचा चुरा आणि आलं-लसूण एकत्र मळून गोळे केले, तर अर्धे पाण्यात विरले आणि उरलेले रवाळ झाले. आमच्याकडे पोर्क चांगलं मिळतं, म्हणून जिद्द सोडवत नाही. माशाऐवजी कोळंबी चालेल का? आमचा बाटली मसाला (बाटलीत भरून ठेवतो तो ईस्ट इंडियन मिश्र मसाला) घालू का?
– एक वाचक, वसई

उत्तर: ताई, तुम्ही मटणाच्या कोफ्त्याची रीत माशाला लावलीत. अंडं आणि ब्रेड आधी बाजूला ठेवा. हे गोळे मिठाने, थंडाव्याने आणि मनगटाच्या जोराने बांधले जातात. मीठ लागलं की माशातलं मायोसिन नावाचं प्रथिन सुटून चिकट होतं आणि शिजताना घट्ट धरतं. मिश्रण मध्येच कोमट झालं, तर ती पकड जाते. बराच काळ फ्रीझरमध्ये पडलेल्या माशालाही ती येत नाही, म्हणून मासा ताजाच हवा.

सुरमई चालेल, पण तुमच्या बाजारात करली मिळते ना? काट्यांपायी आपण जिच्याकडे पाठ फिरवतो, तीच. सिंगापूरचे तेओच्यू, म्हणजे दक्षिण चीनमधून आलेले, लोक बिनसारणाचे फिश बॉल करतात, ते पूर्वापार याच माशाचे. मांस चमच्याने खरवडून काढायचं, काटे कातडीलाच राहतात. चीनमध्ये, म्हणजे फुजियान प्रांतातल्या फूचौ शहरात, बाम किंवा मुशीसुद्धा वापरतात आणि रताळ्याचं पीठ घालतात.

अर्धा किलो माशाच्या गराला 10 ग्रॅम मीठ, वजन करूनच. ते 100 मिलिलिटर बर्फाच्या पाण्यात विरघळवा आणि थोडं थोडं घालत एकाच दिशेने फेटा. मग गोळा उचलून परातीत आपटायचा, पुन्हा उचलायचा, पुन्हा आपटायचा. शेजारी विचारायला आले तरी थांबू नका. चिमूटभर मिश्रण गार पाण्यात टाकलं आणि तरंगलं की झालं. शेवटी तीन मोठे चमचे कॉर्नफ्लॉवर.

आता सारण. खिमा खांद्याच्या मांसाचा, चरबीसकट घ्या. निव्वळ लाल मांसाचा कोरडा होतो. त्यात सोया सॉस, साखर, पांढरी मिरी, कांद्याची पात. कच्चं आलं वाटून घालून रात्रभर ठेवू नका. कच्च्या पपईसारखंच त्यातही मांस मऊ पाडणारं विकर (एन्झाइम) असतं, सारण लगदा होईल. चिमूटभर बाटली मसाला खुशाल घाला. फूचौच्या आजीबाई नाक मुरडतील, मुरडू द्यात. माशात मात्र नको, रंग जाईल.

सारणाच्या सुपारीएवढ्या गोळ्या करून फ्रीझरमध्ये घट्ट करा. ओल्या तळहातावर माशाचं मिश्रण मोदकाच्या पारीसारखं पसरा, मधे गोळी ठेवा, मूठ मिटून अंगठा-तर्जनीमधून गोळा वर काढा आणि ओल्या चमच्याने थेट गार पाण्यात सोडा. सगळे झाले की तेच भांडं मंद आचेवर ठेवा. बुडबुडे फुटू लागले की आच कमी, खळखळ उकळी अजिबात नको. गोळे वर आले म्हणजे फक्त मासा शिजला. आत पोर्क आहे, तेव्हा आणखी पाच-सात मिनिटं ठेवून एक कापून बघा. थर्मामीटर असेल तर आत 71 अंश सेल्सियस हवं. गुलाबी दिसलं तर परत भांड्यात.

कोळंबीचं म्हणाल तर तिची पारी करण्याच्या फंदात पडू नका. 300 ग्रॅम खिम्यात 200 ग्रॅम कोळंबी सरळ मिसळा: अर्धी सुरीच्या पात्याने चेचून, अर्धी जाडसर चिरून. धुतल्यावर ती फडक्याने अगदी कोरडी करा, नाहीतर मिश्रण सैल होतं. शिंगाड्याच्या दिवसांत दोन-तीन कच्चे शिंगाडे बारीक चिरून घाला. मीठ इथे 7 ग्रॅम पुरे, कारण सोया सॉस आहेच.