सोलापूरजवळ व्हॅनिला लावावी का? की शेंगा आणून विकणं बरं?

मोहोळजवळ २ एकर आहे, व्हॅनिलाचा किलोचा भाव ऐकून शेडनेट टाकायचा विचार चाललाय, नाहीतर शेंगा बाहेरून आणून विकाव्यात का, असं तुम्ही विचारलंय. मी सोलापुरात बेकरी आणि आइस्क्रीमवाल्यांना माल पुरवतो, शेंगा त्यातच येतात. माझं स्पष्ट मत: लावू नका. शेंगेची पारख मात्र जरूर शिका.

व्हॅनिला म्हणजे ऑर्किडची वेल. तिला वर्षभर दमट हवा, अर्धी सावली आणि १५०० मिलिमीटरच्या पुढे पाऊस लागतो. म्हणून ती कर्नाटकातल्या कोडगूत आणि केरळातल्या वायनाड, इडुक्कीत रमते. आपल्याकडे पाऊस जेमतेम ६०० आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर. नेट आणि फॉगरने सावली-ओलावा करता येईल, पण लाइट गेली की दुपारच्या त्या झळांत वेल किती तग धरणार? त्यात फूल उमलतं एकाच सकाळी आणि दुपारपर्यंत मिटतं. तेवढ्यात बारीक काडीने आतला पडदा उचलून प्रत्येक फुलाचं परागीभवन हाताने करायचं. ही युक्ती हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर १८४१ साली एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली, आणि आजही काम तसंच चालतं. पुढे शेंग पक्व व्हायला ८-९ महिने. एवढी जोखीम घेण्यापेक्षा डाळिंब कितीतरी पटीने भरवशाचं.

भावाचंही ऐका. २००३-०४ च्या सुमाराला जगाच्या बाजारात तयार शेंग किलोला ५०० डॉलरच्या आसपास गेली होती, आणि पुढच्या एक-दोन वर्षांत ५० च्या खाली आली. कर्नाटक-केरळात तेव्हा ज्यांनी भाव बघून वेली लावल्या, त्यांचे फार हाल झाले.

आता शेंगेबद्दल. हिरव्या शेंगेला वास नसतो. ती ६३ ते ६५ अंशांच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवतात, मग लोकरीच्या कांबळ्यात गुंडाळून घाम काढतात, रोज थोडं ऊन देतात, सावलीत सुकवतात आणि शेवटी पेटीत दोन-तीन महिने मुरवतात. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांतून एक किलो माल निघतो. घाई करून कोवळी तोडलेली शेंग कितीही मुरवली तरी वास धरत नाही. टोकाला पिवळेपणा आला की तोडायची.

व्यापारी आधी लांबी दाखवतो. तुम्ही आधी ओलावा बघा. ३५ टक्के ओलाव्याच्या किलोभर मालात ६५० ग्रॅम शेंग, २० टक्क्यांच्या मालात ८०० ग्रॅम. अर्क काढणाऱ्याला कोरडा, आखूड माल चालतो आणि परवडतो. मऊ, लांब, चकचकीत माल केक-कस्टर्डवाल्यांसाठी. शेंग बोटाभोवती गुंडाळून बघा: चांगली शेंग वळते, तडकत नाही, बोटाला किंचित तेलकटपणा सोडते. टोकाला उकललेली असेल तर नाक मुरडू नका. ती वेलीवर पूर्ण पिकलेली असते, दर्जा खालचा लागतो पण वास बऱ्याचदा सरस असतो. मी अशाच शेंगा मुद्दाम मागून घेतो.

पांढरं दिसलं की उन्हात धरा. सुईसारखे चमकणारे कण असले तर व्हॅनिलिनचे, म्हणजे शेंगेला वास देणाऱ्या घटकाचे स्फटिक, म्हणजे उत्तम माल. मळकट, कापसासारखं असेल आणि कुबट वास येत असेल तर बुरशी. एका शेंगेवर जरी दिसली तरी तो जुडगा घेऊ नका. व्हॅक्यूम पॅक असेल तर निदान एक पाकीट समोर फोडायला लावाच, बंद पाकिटात कुबट वास कळत नाही.

माल आणलात की हवाबंद काचेच्या बरणीत, अंधारात ठेवा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात उघडी शेंग काही दिवसांत काडीसारखी कडक होते. फ्रिजमध्येही ठेवू नका. आठवड्यातून एकदा बरणी उघडून हवा द्या आणि एकेक शेंग नजरेखालून घाला. सुरुवातीला अर्धा किलोच घ्या, आणि गिऱ्हाईक ठरवूनच घ्या.