कोइंब्राच्या ‘फितश’ आणि मराठीतील ‘फीत’

प्रश्न असा आहे : पोर्तुगालमधील कोइंब्रा या विद्यापीठनगरीविषयीच्या एका मराठी लेखात तेथील विद्यार्थ्यांच्या मे महिन्यातील उत्सवाला ‘रिबनदहन’ म्हटले आहे, हा शब्द योग्य आहे का, आणि मूळ नावातील ‘फितश’चा आपल्या ‘फीत’ या शब्दाशी काही संबंध आहे का?

दुसरा भाग सोपा आहे, म्हणून तो आधी घेतो. संबंध आहे आणि तो अगदी थेट आहे. उत्सवाचे पोर्तुगीज नाव उच्चारानुसार ‘कैमा दश फितश’ असे लिहिता येईल. त्यातील ‘कैमा’ म्हणजे जाळणे, ‘फिता’ म्हणजे फीत आणि ‘फितश’ हे तिचे अनेकवचन. चावी, पगार, कोबी यांच्याप्रमाणे ‘फीत’ही पोर्तुगीजांकडूनच मराठीत आली आणि येथे इतकी रुळली की ‘ध्वनिफीत’, ‘चित्रफीत’ असे संस्कृत शब्दांशी समास करतानाही ती कोणाला उपरी वाटली नाही. मूळ नावातलाच शब्द मराठीत नांदत असताना तो बाजूला सारून ‘रिबन’ लिहिण्याचे काहीच कारण नाही.

‘दहन’ या शब्दाविषयी मात्र जरा विस्ताराने लिहिले पाहिजे. मराठीत दहन म्हटले की प्रेताचे किंवा रावणाचे दहन डोळ्यांपुढे येते, म्हणजे शोक तरी येतो किंवा दुष्टाचा नाश तरी. कोइंब्रातील आगीत या दोन्ही छटा नाहीत. राजा दिनीश याने 1290 मध्ये लिस्बन येथे स्थापन केलेले हे विद्यापीठ 1537 मध्ये कायमचे कोइंब्रात आले. तेथील विद्यार्थी पूर्वी आपली पुस्तके आणि टिपणे फितींनी बांधून नेत असत, आणि अभ्यास संपल्यावर निरुपयोगी झालेल्या त्या फिती जाळण्यातून ही प्रथा निघाली. फितीचा रंग विद्याशाखेवर ठरतो : वैद्यकाची पिवळी, औषधनिर्माणशास्त्राची जांभळी, मानव्यविद्यांची गडद निळी.

येथे एक बारकावा आहे, जो नावावरून कळत नाही. प्रत्यक्ष जाळली जाते ती रुंद ‘फिता’ नव्हे, तर ‘ग्रेलु’ नावाची अरुंद फीत. ‘ग्रेलु’ म्हणजे कोंब, त्यातही सलगमासारख्या भाजीचा. शरद ऋतूतील ‘लाताद’ या मिरवणुकीत पायांना पत्र्याचे डबे बांधून खडखडाट करत चालणाऱ्या नवागतांना कच्चे सलगम चावायला लावतात, हे लक्षात घेतले तर या कोंबाचे मूळ त्याच विद्यार्थी-विनोदात असावे, असे मला वाटते. शिक्षणाच्या अखेरच्या टप्प्यावर आलेले विद्यार्थी हा ग्रेलु चक्क रात्री खाटेखाली ठेवण्याच्या शौचपात्रात जाळतात आणि त्यानंतर त्यांना रुंद फिती लावण्याचा मान मिळतो. त्या रुंद फितींवर आईवडील, मित्र आणि शिक्षक आपल्या हातांनी शुभेच्छा लिहितात. त्या जन्मभर जपून ठेवायच्या असतात, जाळायच्या नसतात.

ही आग आनंदाची आहे, याचा पुरावा इतिहासानेही दिला आहे. 1969 मध्ये हुकूमशाही राजवटीशी झालेल्या संघर्षात विद्यार्थ्यांनी ‘लुतु आकादेमिकु’, म्हणजे विद्यार्थिवर्गाचे सुतक जाहीर केले आणि उत्सव रद्द केला; तो पुन्हा सुरू झाला 1980 मध्ये. सुतक होते म्हणून फिती जाळल्या गेल्या नाहीत, आणि आपण मात्र त्या जाळण्याला सुतकाचीच आठवण करून देणारा शब्द वापरावा, हे मला फार खटकते.

म्हणून माझी पसंती ‘फितींची होळी’ या नावाला आहे. सणापलीकडेही हा शब्द मराठीत स्वेच्छेने, चारचौघांत, एकत्र येऊन जाळण्यासाठी रूढ आहे. पुण्यात 1905 मध्ये झालेली विदेशी कपड्यांची होळी सर्वांना ठाऊक आहे. मात्र ‘पोर्तुगीज होळी’ असे कदापि लिहू नये, कारण त्यामुळे फाल्गुनातील सणाशी नसलेले नाते जोडले जाते. शिवाय उत्सव केवळ आगीचा नाही. त्याची सुरुवात जुन्या कथीड्रलच्या पायऱ्यांवर मध्यरात्री होणाऱ्या फादोगायनाने (फादो म्हणजे पोर्तुगालमधील पारंपरिक करुण गाणी) होते आणि काळे झगे पांघरलेले शेकडो विद्यार्थी टाळी न वाजवता ते ऐकतात. पुढे कागदी फुलांनी सजवलेल्या गाड्यांची मिरवणूकही निघते. एवढे सारे ‘होळी’ या एका शब्दात मावत नाही. तेव्हा पहिल्या उल्लेखात ‘कैमा दश फितश, म्हणजे फितींची होळी’ असे लिहून पुढे तेथील लोकांप्रमाणे नुसते ‘कैमा’ म्हणणे उत्तम.

आणखी एक सूचना. कायद्याच्या विद्यार्थ्यांचा रंग लाल असतो. पण मराठीत ‘लाल फीत’ म्हटले की वाचकाला सरकारी कचेरीतील दिरंगाईच आठवते, म्हणून तेथे ‘तांबडी फीत’ लिहावे.